‘अमक्याची माय’ ते मतदार: बायकांनी मत कसं मिळवलं

2024 साली आखाजी 10 मेला होती आणि आमच्या जळगाव मतदारसंघाचं मतदान 13 मेला. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते, अक्षय्य तृतीया म्हणजे आमच्याकडे लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, चार दिवस चुलीकडे फिरकत नाहीत. मी अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि शाळेबाहेर बीएलओ, म्हणजे गावाची मतदार यादी सांभाळणारी बाई. त्या आठवड्यात चिठ्ठ्या वाटत फिरताना मी झोक्यांखाली उभी राहून एकच प्रश्न विचारत होते: तुझं नाव कुठल्या यादीत?

कुणी म्हणाली सासरच्या. सासर शिरपूर तालुक्यात, मतदान तिथंही 13 लाच, म्हणजे सण अर्धा सोडून पळायचं. कुणाचं अजून माहेरच्या यादीतच, ती खुशीत. दोघी-तिघींचं माहेरून कमी झालं होतं आणि सासरी चढलंच नव्हतं. त्यातली एक बी.ए. झालेली पोरगी झोका थांबवून म्हणाली, “मॅडम, दादाचं नाव अठराव्या वर्षी लागलं ते तिथंच आहे. माझंच का फिरतं?”

तिला तेव्हा फॉर्म कुठला भरायचा एवढंच सांगितलं. खरं उत्तर लांबलचक आहे, ते इथं सांगते. बायकांच्या मताधिकाराचा सगळा इतिहास मला याच एका गोष्टीभोवती फिरताना दिसतो: कुठल्या कागदावर कुणाचं नाव आहे.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. पूर्वी पुरुषांना मत होतं आणि बायकांना नव्हतं, एवढं ते सरळ नव्हतं. एकोणिसाव्या शतकात बराच काळ इंग्लंडमध्ये बहुतेक पुरुषांनाही मत नव्हतं. ज्याच्या नावावर मिळकत, त्याला मत. आपल्या भाषेत, सातबारा असेल तर मत. आता बाईच्या नावावर मिळकत का नसायची? कारण लग्न झालं की तिचं जे काही असेल ते कायद्यानं नवऱ्याचं व्हायचं. ही पद्धत तिथं 1870 आणि 1882 च्या कायद्यांनी मोडली. म्हणजे आधी तिची मिळकत काढून घ्यायची, मग म्हणायचं, तुला मिळकत नाही म्हणून मत नाही. विधवा किंवा अविवाहित बाईकडे मिळकत असायची, ती करही भरायची. तिच्यासाठी 1832 च्या कायद्यात ‘पुरुष व्यक्ती’ असे शब्दच घालून ठेवले होते. भोक राहू नये म्हणून.

मागणीची पहिली रीत म्हणजे अर्ज, निवेदन. 1866 मध्ये लंडनच्या काही बायकांनी सुमारे 1500 सह्या गोळा केल्या. एमिली डेव्हिस आणि एलिझाबेथ गॅरेट या दोघी ती गुंडाळी घेऊन संसदेच्या दालनात पोचल्या. खासदार जॉन स्टुअर्ट मिल यायचे होते, लोक टकामका बघायला लागले, तेव्हा दोघींना इतकं अवघड झालं की तिथं सफरचंदं विकत बसलेल्या बाईला सांगून गुंडाळी तिच्या गाड्याखाली लपवली. पुढच्या वर्षी मिल यांनी ‘पुरुष’ या शब्दाऐवजी ‘व्यक्ती’ घाला, अशी दुरुस्ती मांडली. ती 73 विरुद्ध 196 मतांनी पडली. मला यात हरल्याचं फार वाटत नाही. 73 पुरुषांनी ‘व्यक्ती’त बाई येते असं 1867 मध्ये मान्य केलं, हे पाहून मी तर चकितच झाले.

सह्यांची रीत खरी फळली ती न्यूझीलंडमध्ये. तिथं केट शेपर्ड आणि त्यांच्या मैत्रिणी दारूबंदीच्या चळवळीतून आल्या होत्या. हे आपल्याला समजावून सांगायला नको. गावात दारूचं दुकान बंद करायचं तर बायका ‘आडवी बाटली’साठी मतदान घडवून आणतात, आणि त्या वेळी गुत्तेवाल्याचे हितचिंतक कोण कोण आहेत हे सगळ्या गावाला कळतं. तिथंही तसंच झालं. दारूच्या धंद्यातले लोक बायकांच्या मताला सगळ्यात जोरात विरोध करत होते, कारण या मत कुठं टाकणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बायका गावोगाव, मळ्यामळ्यांत सह्या घेत फिरल्या. 1893 मध्ये सगळे अर्ज मिळून जवळपास 32,000 सह्या झाल्या. मुख्य अर्जाचे कागद एकाला एक चिकटवून 270 मीटरची गुंडाळी केली. सर जॉन हॉल या आमदारांनी ती सभागृहात आणली आणि मधल्या वाटेवरून घरंगळत सोडली. ती उलगडत उलगडत पलीकडच्या भिंतीला जाऊन धडकली. 19 सप्टेंबर 1893 ला गव्हर्नरची सही झाली. देशपातळीवर बायकांना मत देणारा तो पहिला स्वशासित देश, आणि माओरी बायकाही त्यात होत्या. अर्ज सगळेच करतात. त्या अर्जाला दिसेल, वाजेल असं वजन देणं, ही त्यातली युक्ती.

अमेरिकेचं थोडक्यात. तिथं 1848 मध्ये सेनेका फॉल्सच्या सभेत मागणी झाली, 1872 मध्ये सुझन अँथनी यांनी सरळ जाऊन मत टाकलं आणि त्याबद्दल त्यांना 100 डॉलर दंड झाला, जो त्यांनी भरला नाही. घटनादुरुस्ती व्हायला 1920 उजाडलं. दक्षिणेतल्या काळ्या बायकांना मात्र खरोखर मत टाकता यायला 1965 चा कायदा यावा लागला. कागदावर हक्क आणि यादीत नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथं सगळ्यात उघडं दिसतं.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षं अर्ज करून काही हलेना, तेव्हा चळवळीच्या दोन वाटा झाल्या. मिलिसेंट फॉसेट यांची संघटना सनदशीर राहिली: सभा, पत्रकं, खासदारांच्या भेटी. दुसरी वाट एमेलिन पँकहर्स्ट यांनी 1903 मध्ये मँचेस्टरला काढलेल्या संघटनेची. ‘शब्द नको, कृती हवी’ हे त्यांचं ब्रीद. या दुसऱ्या गटाला एका वर्तमानपत्रानं 1906 मध्ये चिडवायला ‘सफ्राजेट’ असं नाव ठेवलं, आणि त्या बायकांनी तेच नाव मिरवलं. दुकानांच्या काचा फोडणं, टपालपेट्यांत आग लावणं, तुरुंगात जाणं, हे सगळं त्यांनी केलं. 1909 मध्ये मॅरियन वॉलेस डनलॉप यांनी तुरुंगात उपोषण केलं आणि 91 तासांनी त्यांना सोडावं लागलं. मग सरकारनं उपोषण करणाऱ्या बायकांना धरून, नळी घालून जबरदस्तीनं अन्न ओतायला सुरुवात केली. त्याची छी-थू झाल्यावर 1913 मध्ये नवा कायदा आला: उपोषणानं बाई खंगली की सोडायची, जरा सुधारली की पुन्हा आत. लोकांनी त्याला ‘मांजर-उंदीर कायदा’ म्हटलं.

हिंसेनं उपयोग झाला की नुकसान, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. गांधीजींनी 1906 मध्ये या बायकांच्या तुरुंगात जाण्याचं आपल्या वृत्तपत्रातून कौतुक केलं, पुढे तोडफोड त्यांना पटली नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही वाटा एकमेकींच्या कामी आल्या. रस्त्यावर काचा फुटत असताना टेबलावर शांतपणे बोलणारी बाई सरकारला एकदम समजूतदार वाटायला लागते.

पण मला या सगळ्यात सर्वात हुशारीची वाटते ती कागदांची लढाई. 1911 मध्ये जनगणना आली. बायका म्हणाल्या, आम्ही मतदानात मोजल्या जात नाही, तर शिरगणतीतही मोजून घेणार नाही. कुणी रात्रभर घराबाहेर फिरल्या, कुणी फॉर्मवर मजकूर खरडून परत दिला. एमिली डेव्हिसन यांनी तर कमालच केली. जनगणनेच्या रात्री त्या संसदेच्या इमारतीतल्या तळघराच्या चॅपलमध्ये एका कपाटात लपून बसल्या. सकाळी सापडल्या, आणि नोंद करणाऱ्यानं त्यांचा पत्ता लिहिला तो संसदेचाच. जिथं बाईला जागा नव्हती, तिथं तिचा मुक्काम सरकारी कागदावर चढला. दोन वर्षांनी डर्बीच्या शर्यतीत राजाच्या घोड्यापुढे गेल्यानं त्यांचा मृत्यू झाला. लोकांना त्यांचं ते मरण आठवतं, मला ते कपाट आठवतं.

दुसरा कागद कराचा. ‘मत नाही, तर कर नाही’ म्हणत काही बायकांनी कर भरणं थांबवलं. त्यात सोफिया दुलीप सिंग होत्या, पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांची नात. वाढल्या इंग्लंडमध्ये, राहायच्या राणीनं दिलेल्या घरात. त्यांनी कर आणि दंड भरायला नकार दिला तेव्हा त्यांचे दागिने जप्त करून लिलावात काढले. लिलावात मैत्रिणींनीच बोली लावली, दागिने विकत घेतले आणि त्यांना परत केले. जप्तीच्या लिलावाला गाव कसं लोटतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या युक्तीची मजा कळेल. सरकारला चार पैसे मिळाले आणि चळवळीला फुकटची सभा.

या सोफियांमुळेच गोष्ट आपल्याकडे येते. 1911 मध्ये त्या काश्मीरला आल्या होत्या, आणि सुटीसाठी श्रीनगरला गेलेल्या मुंबईच्या हेराबाई टाटांशी त्यांची भेट झाली. सोफियांच्या अंगावर चळवळीचा बिल्ला होता. हेराबाईंनी विचारलं, हे काय आहे? तिथून हेराबाई आणि त्यांची लेक मिठन या कामाला लागल्या.

आपल्याकडे एक वाक्य सर्रास ऐकू येतं: भारतात बायकांना मताचा हक्क न मागता, आयता मिळाला. साफ चूक. 18 डिसेंबर 1917 ला मद्रासला सरोजिनी नायडूंच्या पुढाकारानं बायकांचं शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलं. भेटीमागे मार्गारेट कझिन्स होत्या, आयर्लंडच्या, तिकडे याच लढ्यात तुरुंगात जाऊन आलेल्या. मागणी मिलच्या ‘व्यक्ती’चीच बहीण होती: नव्या सुधारणांत ‘लोक’ म्हणाल तेव्हा त्यात आम्हाला धरा. मत कुणाला द्यायचं हे ठरवायला सरकारनं नेमलेल्या साउथबरो समितीनं नकार दिला. कारण असं की हा समाज जुन्या वळणाचा आहे, बायका पडद्यात असतात, अजून वेळ आलेली नाही. तेव्हा 1919 मध्ये हेराबाई आणि मिठन लंडनला जाऊन संसदेच्या समितीपुढे बोलल्या. मिठन तेव्हा विशी-एकविशीची पोर. पुढे मुंबई हायकोर्टातली पहिली बाई बॅरिस्टर.

ब्रिटिश संसदेनं मग हात झटकले: प्रांतांनी काय ते ठरवावं. आधी मद्रासनं आणि लगेच 1921 मध्ये मुंबईनं बायकांना मत देण्याचा ठराव केला. मुंबई इलाख्यात या प्रचारात रमाबाई रानडे पुढे होत्या. खान्देश तेव्हा मुंबई इलाख्यात, पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश अशा दोन जिल्ह्यांत विभागलेला. म्हणजे कायद्यानं आमच्याकडच्या बाईलाही मत आलं.

पण पुन्हा तोच कागद. मत त्याला, जो ठरावीक शेतसारा भरतो. आता आपल्या घरातला सातबारा डोळ्यासमोर आणा. आजही कपाशीत निंदणी बाई करते, वेचणी बाई करते, केळीच्या बागेत खताची टोपली बाईच्या डोक्यावर, आणि उताऱ्यावर नाव? नवरा मेला की वारस म्हणून लागतं. शंभर वर्षांपूर्वी काय असेल ते सांगायला नको. दार उघडलं होतं, पण चावी सातबाऱ्याला बांधलेली.

यावर तोडगा म्हणून पुढे जी सूचना आली तिच्यावरून बायकांतच वाद झाला. सूचना अशी की नवऱ्याकडे मिळकत असेल तर बायकोलाही मतदार करा. गोलमेज परिषदेला गेलेल्या राधाबाई सुब्बरायन आणि बेगम शाहनवाज यांना वाटत होतं की निदान आकडा तरी वाढेल. इकडच्या मोठ्या महिला संघटनांचं म्हणणं होतं: आम्ही नागरिक म्हणून मत मागतो, बायको म्हणून नाही, प्रत्येक सज्ञान माणसाला मत द्या, बस. त्यांचा मुद्दा मला सोळा आणे पटतो. बायको म्हणून मिळालेला हक्क लग्नावर टांगलेला राहतो. पण मिळालं तर निदान दारात पाय तरी शिरेल, असं म्हणणाऱ्यांनाही मी नावं ठेवणार नाही. 1935 च्या कायद्यात शेवटी ‘नवऱ्याची मिळकत’ आलीच, जोडीला साक्षरतेची अट आली, आणि सुमारे 60 लाख बायका मतदार झाल्या.

नेमकं त्याच वेळी, डिसेंबर 1936 मध्ये, आपल्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. पुस्तकात आपण एवढंच शिकतो. तिथं झालेली मागणी मात्र आपल्या विषयाची आहे: 1935 चा कायदा नको, सगळ्या सज्ञान लोकांनी निवडलेली घटना समिती हवी. त्याआधी 1931 च्या कराची ठरावात स्त्री-पुरुष भेद न करता हक्क आणि प्रौढ मताधिकार मान्य झाला होता. बायकांच्या संघटनांनी काचा न फोडता हे साधलं ते असं. स्वातंत्र्याच्या मागणीत आपली मागणी त्यांनी इतकी घट्ट विणली की पुढे उसवायची म्हटलं तरी कुणाला उसवता आली नाही. राज्यघटना 1950 मध्ये अमलात आली आणि कलम 326 नं सातबारा, साक्षरता, नवरा, सगळ्या अटी एका फटक्यात गेल्या. ब्रिटननं 1918 मध्ये तिशीवरच्या मिळकतदार बायकांना मत दिलं होतं आणि पुरुषांच्या बरोबरीनं दिलं 1928 मध्ये. फ्रान्सनं 1944 मध्ये. स्वित्झर्लंडनं देशाच्या निवडणुकीत 1971 मध्ये, म्हणजे आपल्या चार लोकसभा निवडून झाल्यावर.

मग पहिल्या निवडणुकीची यादी करायला माणसं घरोघर गेली, आणि तिथं जे झालं ते मला या सगळ्या इतिहासात सर्वात जवळचं वाटतं, कारण ते माझंच काम आहे. लाखो बायकांनी नावच सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच लिहून घेतलं गेलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असल्या नोंदी ठेवायला नकार दिला. स्वतःचं नाव सांगा, नाहीतर यादीतून बाहेर. जवळपास 8 कोटी बायका मतदार व्हायच्या होत्या, त्यातल्या सुमारे 28 लाख अशा गळाल्या. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि मध्य भारताकडच्या. सेन फार कठोर वागले असं काही जण म्हणतात. मी रोज याद्यांशी झटते, मला ते बरोबर वाटतात. ‘रामभाऊनी माय’ अशी नोंद चालवून घेतली असती तर गावात रामभाऊ पाच, आणि ती माय कोण हे मतदान केंद्रावर ठरवणार कोण? पुढच्या निवडणुकीपर्यंत यातल्या पुष्कळ बायका स्वतःच्या नावानं यादीत आल्या.

सवय काही फक्त बिहारची नव्हती. आमच्याकडेही लग्नात नाव बदलायचं, माहेरचं नाव माहेरी राहायचं, सासरचं नाव कुणी घ्यायचं नाही आणि पोर झालं की बाई त्याची माय व्हायची. नवऱ्याचं नाव तर उखाण्याशिवाय तोंडात येणार नाही. आणि यादीत रकाना असतो: पतीचे नाव.

1962 मध्ये जळगावमधून सत्तावीस वर्षांच्या प्रतिभा पाटील आमदार झाल्या, पुढे राष्ट्रपती. त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. विटनेरबद्दल कमी. जळगाव जिल्ह्यातलं हे गाव, शेतकरी संघटनेच्या जोरावर 1989 मध्ये तिथं ग्रामपंचायतीत सगळ्या बायका निवडून आल्या. राज्यात पंचायतीत पन्नास टक्के आरक्षण आलं ते 2011 मध्ये, त्याच्या खूप आधीची ही गोष्ट. आणि तिथल्या नवऱ्यांनी संघटनेच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रमात जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. मत आधी मिळालं, सातबारा मागून आला. इंग्लंडमध्ये जो कागद अट म्हणून पुढे केला होता, तो इथं मत मिळालेल्या बायकांनी नंतर मिळवला.

गेल्या वर्षी नाव-दुरुस्तीचे फॉर्म भरत फिरत होते तेव्हा बोरीकाठच्या एका वस्तीत एक आजी भेटली. यादीत तिचं नाव भलतंच छापलेलं. मी ओट्यावर बसून फॉर्म 8 काढला आणि विचारलं, “आजी, तुमचं नाव काय?”

सून आतून म्हणाली, “लिखा ना मॅडम, आण्णानी माय.”

आजीनं तिच्याकडे न बघता मला सांगितलं, “जिनं पानी आख्खं खान्देश पेस ना, ती.”

मी ‘तापीबाई’ लिहिलं. वाचून दाखवलं. तिनं मान हलवली. पुढचा रकाना पतीच्या नावाचा. तिथं मात्र आजी गप्प. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाली, पंढरपूरला जो विटेवर उभा आहे त्याचं. मला समजलं होतं, पण त्या देवाची दहा नावं, कागदावर नेमकं कुठलं ते हवं. सुनेकडे पाहिलं, तर सासऱ्याचं नाव तीही घेईना. दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. शेवटी माझ्याच वर्गातला, चौथीतला नातू सायकलवरून जाताना अंगणातून ओरडला, “पांडुरंग, मॅडम! पांडुरंग!” आणि थांबला नाही.